आजोबांचा रस्ता का हरवला?

नरखेड तालुक्यातील संत्राबागेत सारा जन्म घालवलेले एखादे आजोबा डोळ्यांसमोर आणा. चाळीस वर्षे पायाखालची असलेली बागेची वाट एक दिवस त्यांना सापडत नाही. सकाळी जेवल्याचे दुपारी आठवत नाही. लहानपणचा पोळा मात्र आठवतो. पुढे ते सुनेला म्हणतात, "माझे पैसे तूच लपवलेस." घरची माणसे म्हणतात, "म्हातारपणी स्वभाव बिघडला." खरेच का हा स्वभावाचा दोष?

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्याकडे आली. तिच्या आजाराची सुरुवात पतीविषयीच्या संशयाने झाली होती. विस्मरण मागाहून वाढले. १९०६ साली ती वारल्यावर डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर गाठीसारखे थर आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते दिसले. म्हणजे कारण दिसले, पण मृत्यूनंतर!

जिवंत माणसाचा मेंदू कवटी न उघडता पाहता येईल काय? येथे पदार्थविज्ञान मदतीला येते. आपल्या शरीरात पुष्कळ पाणी आहे. पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रके चिमुकल्या चुंबकांसारखी वागतात. एम. आर. आय. यंत्रातील चुंबकीय क्षेत्र बहुधा १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक असते. त्यात सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख आंदोलने करणाऱ्या रेडिओलहरी सोडल्या की ही केंद्रके ऊर्जा शोषतात आणि पूर्वस्थितीला येताना संकेत देतात. त्या संकेतांवरून संगणक चित्र तयार करतो. जुने संत्रे सोलून पाहा: फोडी आक्रसून सालीच्या आत पोकळी झालेली असते. या रोगात मेंदूही तसाच आक्रसतो.

पण चित्रावरून आकार कळला, काम कसे कळावे? बागेच्या छायाचित्रात झाडे दिसतात. कोणते झाड पाणी ओढते आहे, ते दिसत नाही. त्यासाठी 'पेट' तपासणी आहे. मेंदूचे इंधन ग्लुकोज. तशाच एका साखरेला किरणोत्सारी फ्लुओरिन जोडून ती अल्प प्रमाणात शिरेतून देतात. फ्लुओरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटताच दोन्ही नष्ट होतात व दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना जातात. भोवतीचे शोधक ते टिपतात. जेथे साखर कमी वापरली जाते, तेथे काम मंदावलेले असते.

या फ्लुओरिनचे अर्धायुष्य ११० मिनिटे आहे. समजा, नागपूरहून औषध घेऊन निघालात आणि नरखेडला पोहोचायला तेवढाच वेळ लागला, तर निम्मेच उरेल! म्हणून रुग्णालाच अशा केंद्रापर्यंत जावे लागते. २२० मिनिटांनी किती उरेल, ते तुम्हीच काढा.

आता आजोबांकडे वळू. नव्या आठवणी साठवण्यास मदत करणारा हिपोकॅम्पस हा भाग या रोगात लवकर आक्रसतो; म्हणून सकाळचे जेवण विसरते. डोक्याच्या मागील-वरच्या भागाचे काम मंदावले की वाटा चुकतात. खोटे संशय घेणाऱ्या काही रुग्णांत कपाळामागील उजव्या भागात साखरेचा वापर कमी आढळला आहे. मात्र केवळ चित्रावरून निदान होत नाही. थायरॉइडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा खिन्नता यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. परंतु घरातील वागणूक आपल्या हाती आहे. आजोबा पैसे चोरल्याचा आळ घेतील, तेव्हा वाद घालू नका. "चला, आपण दोघे मिळून शोधू," असे म्हणा. एकच प्रश्न दहादा विचारला, तर दहाव्यांदाही शांतपणे उत्तर द्या. त्यांना एकटे बाहेर पाठवू नका. खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवा. आणि सुनेलाही सांगा, की हा आळ आजोबांच्या मनातला नाही, आजाराचा आहे.