बाबांचं कार्ड आधी, बाकीचं नंतर

सगळ्यात आधी तो मोबाइल बाजूला ठेव बघू. रात्री बारा वाजता आई-बाबांसाठी आरोग्य विमा शोधत बसलीस की झोप तर उडतेच, वर दुसऱ्या दिवशी सकाळपासून पॉलिसी विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात. तुला वाटतंय तेवढं हे अवघड नाही गं. दोघांची वयं काय आणि कपाटात कागद कोणते आहेत, एवढ्यावर बरंचसं ठरतं.

बाबांनी सत्तरी ओलांडली ना? मग त्यांचं काम सोपं आहे. २९ ऑक्टोबर २०२४ ला, धनत्रयोदशीच्या दिवशी, आयुष्मान भारत योजना ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी खुली झाली. सगळ्यांसाठी म्हणजे खरंच सगळ्यांसाठी. पेन्शन किती, फ्लॅट कुणाच्या नावावर, मुलगा परदेशात आहे का, असलं काही विचारत नाहीत. त्या कार्डाला 'आयुष्मान वय वंदना' म्हणतात. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार, आणि हप्ता एक रुपयाही नाही. तुझी खरी धास्ती बाबांच्या मधुमेहाची आणि त्या जुन्या अँजिओप्लास्टीची आहे, ठाऊक आहे मला. तर बघ, जुने आजार इथे पहिल्या दिवसापासून धरतात. खासगी पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात.

आता बाबा काय म्हणणार तेही सांगते. "आपण काय दारिद्र्यरेषेखाली आहोत का?" माझ्या सासऱ्यांनी हेच विचारलं होतं, तेही चहाचा कप खाली आपटून. त्यांच्याशी वाद घालू नकोस. एवढंच सांग, की हे कार्ड उत्पन्न बघून दिलेलं नाही, वय बघून दिलेलं आहे, आणि आयुष्यभर भरलेल्या करातूनच आलंय. करांचा विषय निघाला की आमचे सासरे एकदम खुलतात. तुझे बाबाही खुलतील.

एक बारकावा आहे. हे ५ लाख माणशी नाहीत. घरातले दोघंही सत्तरीच्या वर असतील तर रक्कम दोघांत मिळून. आणि सत्तरीच्या खालच्या जोडीदाराला या कार्डात जागाच नाही. म्हणजे तुझी आई, सहासष्ट वर्षांची, इथे बसत नाही. लगेच तोंड पाडू नकोस. तिच्यासाठी आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी ती पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांची आणि दीड लाखांपर्यंतची होती. आता पांढरं रेशनकार्डही चालतं आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. तेव्हा ते रेशनकार्ड शोध. धान्य घेत नाही म्हणून ते कुठल्या तरी बॅगेच्या तळाशी पडलेलं असणार. आमचं दिवाणात निघालं, लग्नातल्या शालूच्या घडीत. कुणी ठेवलं होतं ते विचारू नकोस, घरात शालू माझ्या एकटीचाच आहे.

खरं सांगू का, या सगळ्यात योजनेपेक्षा आधारकार्डच जास्त छळतं. वय आधारवरूनच धरतात. आणि आपल्याकडच्या त्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली! आधारवर बाबांचं वय एखाद्या वर्षाने कमी पडलं असेल तर आजच बघून ठेव. जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, त्यामुळे पुरावा नीट हातात घेऊनच जा. दुसरं म्हणजे आधारला जोडलेला मोबाइल नंबर. तो चालू आहे की बाबांच्या जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या सिमचा आहे? ओटीपी त्याच नंबरवर जातो. म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात, यंत्र ते ओळखत नाही आणि माणसं उगाच खजील होतात. तेव्हा घाबरायचं नाही, ओटीपी किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. कार्ड आयुष्मान ॲपवर घरी बसून होतं, नाहीतर योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात करून देतात. पण आजारी पडल्यावर करू म्हणून थांबू नकोस. स्ट्रेचरशेजारी उभं राहून ओटीपी वाचण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

आता ज्याबद्दल कुणी आपणहून सांगत नाही ते ऐक. ही दोन्ही कार्डं मुख्यतः दाखल होण्यासाठी आहेत. महिन्याच्या गोळ्या, डॉक्टरांची तपासणी फी, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी हे सगळं आपल्याच पर्समधून. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी आल्यानंतरचे पंधरा दिवस धरतात, त्यापलीकडे नाही. सोय साधारणपणे जनरल वॉर्डातली. बाबांना स्वतंत्र खोली हवी असेल तर हे कार्ड त्यासाठी नाही, हे त्यांना आत्ताच सांगून ठेव.

रुग्णालयाला फोन करशील तेव्हा "तुम्ही योजनेत आहात का?" एवढंच विचारू नकोस. ते "हो" म्हणतील, आणि तिथे गेल्यावर कळेल की हृदयासाठी आहेत, हाडांसाठी नाहीत. म्हणून आजाराचं नाव घेऊन विचार: "गुडघा बदलायचा आहे, तो योजनेत तुमच्याकडे होतो का?" काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात, तेही तेव्हाच कळेल. घराजवळची दोन-तीन रुग्णालयं अशी आधीच विचारून फ्रिजवर चिकटव. दाखल करताना बिलाच्या काउंटरकडे धावायचं नाही, आधी आरोग्यमित्र शोधायचा. त्याचा टेबल बहुतेक दाराजवळच असतो. योजनेतल्या उपचारासाठी कुणी अनामत मागितली तर चढ्या आवाजात भांडू नकोस, शांतपणे पावती माग आणि तिथूनच १४५५५ ला फोन लाव. पावती मागितली की बऱ्याच जणांचा सूर बदलतो.

सासरच्यांचंही तूच बघते आहेस, म्हणून हे दोन शब्द. सासरे केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झाले असतील तर त्यांचं सीजीएचएस कार्ड असेल. मुंबई, पुणे, नागपूरला त्याचे दवाखाने आहेत. त्यांना सीजीएचएस किंवा आयुष्मान यातलं एकच निवडावं लागतं. माझं ऐकशील तर सीजीएचएस सोडू नकोस, कारण रोजच्या गोळ्या तिथे मिळतात आणि खर्च खरा गोळ्यांचाच असतो. कारखान्यात असतील आणि निवृत्तीपर्यंत किमान पाच वर्षं ईएसआयसीत असतील, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयच्या दवाखान्यात उपचार मिळतात. ईएसआय असली तरी सत्तरीनंतर आयुष्मान घेता येतं, तेव्हा तिथे दोन्ही ठेव.

आईसाठी वरून एखादी खासगी पॉलिसी घ्यावी का? झेपत असेल तर घे. आता वयाच्या ६५ ची अट राहिलेली नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. मात्र आईचा रक्तदाब फॉर्मवर लपवू नकोस. एजंट "कशाला लिहिताय" म्हणतील, तरी लिहायचाच. आणि प्रत्येक बिलातला किती टक्के वाटा आपल्याला भरायचा आहे, ते सहीच्या आधी विचार.

बाबांची खासगी पॉलिसी नाहीच, तर त्यांच्या औषधांची बिलं फेकू नकोस. विमा नसलेल्या साठीपुढच्या आई-वडिलांच्या औषधोपचाराचा खर्च जुन्या करपद्धतीत ५० हजारांपर्यंत वजा होतो, फक्त पैसे रोख दिलेले नसावेत. हे काम दादाकडे सोपव. औषधवाल्याला यूपीआय करायचं आणि बिलाचा फोटो ठेवायचा, एवढं बंगळुरूत बसून त्याला नक्की जमेल. तू रविवारी घरी जाशील तेव्हा फक्त आधार आणि रेशनकार्ड बघ. काही अडलं तर मला फोन कर, पण दुपारी दोन ते चार सोडून.