मूत्रपिंडाचा रक्तस्राव आणि फायब्रीनचा लेप

शिरोळ तालुक्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. ट्रॉलीवरून पडून एखाद्याच्या कुशीला मार बसतो. जखम दिसत नाही म्हणून ‘मुका मार आहे’ असे समजून कूस चोळली जाते व त्याला घरीच निजविले जाते. हा मुका मार मूत्रपिंडाला लागलेला असू शकतो.

मूत्रपिंडे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आड असतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला साधारण एक लिटर रक्त, त्यांतून वाहते. साहजिकच फाटलेल्या मूत्रपिंडातून थोड्या वेळात पुष्कळ रक्त जाऊ शकते. लघवी लाल होणे हे त्याचे प्रमुख लक्षण होय. परंतु मुख्य रक्तवाहिनीच तुटली असता लघवी स्वच्छही राहू शकते.

लेप कसा काम करतो?

बहुतेक रुग्ण विश्रांती आणि देखरेखीने बरे होतात. काहींवर मात्र शस्त्रक्रिया करावी लागते. मूत्रपिंड मऊ असल्याने टाक्याचा दोरा त्यास कापत जातो. अशा वेळी फायब्रीनचा लेप उपयोगी पडतो. मानवी रक्तद्रवापासून मिळविलेली फायब्रिनोजेन व थ्राँबिन ही द्रव्ये जखमेवर एकत्र येताच फायब्रीनचे जाळे तयार होते. रक्त गोठण्याची शेवटची नैसर्गिक पायरी हीच. पुढे शरीर हा लेप विरघळवून टाकते. अमेरिकेत अशा लेपास १९९८ साली मान्यता मिळाली.

तथापि, लेप हा टाके व दाब यांचा सोबती आहे, पर्याय नव्हे. धमनीतून उसळणारे रक्त त्याने थांबत नाही. ती धमनी आधी बांधावी लागते. लेप रक्तवाहिनीच्या आत गेल्यास गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते.

गावाचे कर्तव्य

लेप शल्यचिकित्सकाच्या हाती असतो. तेथवर पोहोचण्याचा वेळ गावाच्या हाती. कुशीला जोराचा मार बसल्यास चोळू वा शेकू नये, खाण्यापिण्यास देऊ नये. रुग्णास आडवे निजवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चेहरा पांढरा पडणे, थंड घाम येणे, नाडी जलद होणे ही धोक्याची चिन्हे होत. लघवीचा रंग डॉक्टरांना अवश्य सांगावा.

रुग्णास द्यावयाचे रक्त आणि या लेपाचा कच्चा माल, दोन्ही माणसाच्याच शरीरातून येतात. म्हणूनच ग्रामपंचायतींनी व शाळांनी हंगामापूर्वी रक्तदान शिबिर भरविणे, हा या उपचाराचाच पहिला भाग ठरेल.