धंद्यातील गुपित : कायदा कोठवर साथ देतो?

रंगाचे प्रमाण, छपाईचा नवा नमुना, कोणाला काय भावाने माल जातो त्याची वही, ही आम्हा कापडवाल्यांची खरी पुंजी. कारागीर शेजारच्या कारखान्यात गेला की त्याच्याबरोबर हे सारे जाते. म्हणून 'नोकरी सोडल्यावर हा धंदा करणार नाही' असे त्याच्याकडून लिहून घेतले की काळजी मिटली, असे अनेक व्यापारी बांधव समजतात. हा समज चुकीचा आहे.

भारतात धंद्याच्या गुपितासाठी स्वतंत्र कायदा नाही. तो करावा अशी शिफारस विधी आयोगाने २०२४ साली केली आहे. आज आधार आहे तो मुख्यतः १८७२ च्या करार कायद्याचा; आणि त्याचेच कलम २७ सांगते की, कोणाला कायदेशीर धंद्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल होय. चालू धंदा नावलौकिकासह विकणाऱ्यावर मात्र वाजवी बंधन घालता येते.

मग मालकाने काय करावे? याचे उत्तर कल्याणच्या एका खटल्यात सापडते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आमचे भुईगाव आणि कल्याण एकाच ठाणे जिल्ह्यात होते. तेथे सेंच्युरी स्पिनिंग कंपनीने टायरच्या धाग्याचे तंत्र हॉलंडच्या कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. १९६३ पासून पाच वर्षांच्या करारावर असलेला एक शिफ्ट सुपरवायझर १९६४ साली जास्त पगारावर कोट्याच्या कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कारण बंधन कराराच्या मुदतीपुरते, त्याच प्रकारच्या कामापुरते होते आणि गुप्ततेची अट लेखी होती.

मुदतीनंतरचे बंधन मात्र टिकत नाही. श्रीरामपूरचे क्रिकेटपटू जहीर खान यांच्या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले.

यात कारागीर बांधवांचेही हित आहे. काम करता करता हातात आलेला हुन्नर त्यांचा स्वतःचा; तो घेऊन ते कोठेही पोट भरू शकतात. पण मालकाने विश्वासाने दाखवलेले रंगाचे खास प्रमाण किंवा गिऱ्हाईकांची वही ही अमानत आहे. ती दुसऱ्याच्या हाती देणे हा हुन्नर नव्हे.

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराचे कलम ३९ लहान-मोठ्या सर्व सभासद देशांना एकच कसोटी देते : माहिती खरोखर गुप्त हवी, गुप्त असल्यामुळेच तिला किंमत हवी आणि मालकाने ती जपण्याची वाजवी खबरदारी घेतलेली हवी. ही तिसरी गोष्ट आपल्याच हातात आहे.

तेव्हा पुढील चार गोष्टी कराव्यात :

१) गुपित कोणते, हे करारात स्पष्ट लिहावे.
२) नोकरीची मुदत ठरवावी आणि गुप्ततेची अट स्वतंत्र घालावी.
३) प्रमाणाची वही कुलपात ठेवावी, ज्याला गरज त्यालाच दाखवावी.
४) नवा नमुना बाजारात आणण्यापूर्वीच २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवावा. त्याला प्रथम दहा व वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते.

जो माल आपणच उघड्यावर टाकला, त्याची चोरी झाली म्हणून कोर्टात कोणत्या तोंडाने जाणार?