आधी यादी, मग उड्डाण


संगणकावर आपल्या राजा भोज विमानतळावरून बोइंग ७३७ उडवताना ऑटोपायलट ठरलेला मार्ग धरत नाही, की मुले सगळा प्रोग्रामच पुन्हा टाकतात. थांबा. आयआरएस ही दिशादर्शक यंत्रणा 'नॅव्ह'वर ठेवून विमानाचे स्थान भरले का? ती जुळेपर्यंत विमान जागेवरच उभे होते का? मार्ग भरून 'एक्झिक्यूट' दाबले का? एका वेळी एकच गोष्ट तपासा.

ही शिस्त फार महागात मिळाली आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे 'मॉडेल २९९' कोसळले. शेपटीच्या हलत्या पट्ट्यांचे कुलूप काढायचे राहिले होते. दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर वैमानिकांची तपासणी-यादी रूढ झाली.

गणिताच्या पेपरातही हीच सवय लावा. पालकांनी घरी एवढेच विचारावे: "यादी पाहिलीस का?"

— मुख्याध्यापक