हरिपुऱ्यातील कांडण-रांधण

फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत तापी नदीच्या काठी हरिपुरा येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. अधिवेशने खेड्यात भरवावीत, हा महात्मा गांधींचा आग्रह होता. त्यानुसार डिसेंबर १९३६ मध्ये पहिले ग्रामीण अधिवेशन खानदेशातील फैजपूर येथे झाले होते. दोन्ही ठिकाणच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातील चित्रकार नंदलाल बोस यांना बोलाविले.

सभा राजकीय, परंतु हरिपुऱ्याच्या चित्रांत भर नेत्यांच्या तसबिरींवर नाही. सूत कातणारी स्त्री, भात कांडणाऱ्या बाया, स्वयंपाक, मुलाला पाजणारी आई, सुतार, लोहार, वादक अशी माणसे तेथे झळकली.

कांडण ज्यांनी केले आहे, त्यांना त्यातील कसब ठाऊक असते. साळीचे टरफल सुटावे, पण दाणा मोडू नये, म्हणून प्रत्येक घाव तोलून द्यावा लागतो. एवढे करून ते काम शिजलेल्या भाताबरोबर संपून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच. अशा कामाची नोंद कोण ठेवणार? नंदलालांनी त्याला महिरपीची चौकट दिली. एरवी महिरप शोभते ती देवाच्या नाहीतर राजाच्या आकृतीभोवती!

साहित्य साधेच होते : पुठ्ठ्यावर ताणलेला हातकागद आणि मातीचे रंग. ठसठशीत रेषा, सपाट रंग आणि चौकट भरून टाकणारी आकृती ही धाटणी बंगालच्या पटचित्रांची. नंदलालांनी स्वतः ऐंशीहून अधिक चित्रे रंगविली आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रतिकृती केल्या. घाईच्या कामात रेषा ढिली पडण्याचा संभव असतो. येथे मात्र ती वेगामुळेच जिवंत झाली आहे. वाकलेली पाठ, उचललेला हात एकाच फटकाऱ्यात उभा राहतो. यांपैकी बरीच चित्रे आता दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

या चित्रांतील स्त्रिया दमलेल्या दिसत नाहीत. चित्रकाराने कष्टाचा शीण वगळून केवळ डौल दाखविला, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु ही चित्रे मुळात संग्रहालयासाठी काढलेली नव्हती. ती मंडपात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेवर टांगलेली होती. ती पाहणाऱ्यांत आसपासच्या खेड्यांतील बायाही होत्या. शीण त्यांना चित्रातून कळायचा नव्हता. त्या कामातला डौल मात्र त्यांना आजवर कोणी दाखविला नव्हता.