तबकडीचें पोट केवढें असावें?

संगणकावरील खेळांची गोडी लागलेले आमचे विद्यार्थी आम्हांस वरचेवर एक प्रश्न विचारीत असतात. प्रकाशाच्या किरणानें वाचली जाणारी जी चकाकती तबकडी आहे, तिच्यांत आतां शंभर गिगाबाईट मजकूर मावतो. उद्यां हजार मावेल, परवां लाख मावेल. मग खेळ अधिक सुंदर होतील ना? आणि याच मुलांचे पालक भेटीस आले म्हणजे निराळ्या काळजीनें तोच प्रश्न पुढें करतात. घरांतील सगळीं छायाचित्रें व कागदपत्रें एकाच मोठ्या तबकडीवर घालून ठेवलीं, तर निश्चिंत होतां येईल काय? प्रश्न दोन दिसले तरी त्यांच्या मुळाशीं समजूत एकच आहे; भांडें जितकें मोठें तितकें चांगलें, ही ती समजूत. तिची थोडी तपासणी येथें करण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम ही तबकडी वाचली कशी जाते तें पाहूं. तिच्या आंत, मध्यापासून कडेकडे जाणारी, जिलबीच्या वेढ्यांसारखी एक अतिशय बारीक रेषा असते आणि त्या रेषेंत सूक्ष्म खळगे असतात. लेसरचा किरण रेषेवरून पुढें सरकतो. खळगा आला कीं परत येणारा प्रकाश मंदावतो, सपाटी आली कीं तो पूर्ववत् होतो. या बदलांवरून यंत्र आंकडे जुळवितें. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई घासत असे व दर वेळीं तबकडी थोडी झिजत असे. येथें कांहींच घासत नाहीं.

फिलिप्स व सोनी या कंपन्यांची सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. तिच्या किरणाची लहर ७८० नॅनोमीटर लांबीची होती. (एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.) १९९६ मध्यें डीव्हीडी आली, तिची लहर ६५० नॅनोमीटरची, आणि २००६ मध्यें ब्लू-रे आली, तिची ४०५. तिन्ही तबकड्यांचा व्यास तोच, १२ सेंटिमीटर. मात्र सीडींत सुमारें ७०० मेगाबाईट, डीव्हीडीच्या एका थरांत ४.७ गिगाबाईट आणि ब्लू-रेच्या एका थरांत २५ गिगाबाईट मजकूर मावूं लागला. हजार मेगाबाईट म्हणजे एक गिगाबाईट, हें लक्षांत घेतलें म्हणजे वाढ केवढी आहे तें कळेल. जाड बोरूनें लिहिलें तर पाटीवर चार ओळी बसतात, बारीक टांकानें लिहिलें तर तेवढ्याच जागेंत चाळीस बसतात. लहर आंखूड झाली व भिंग अधिक तीव्र झालें, म्हणून प्रकाशाचा ठिपका लहान झाला. टांक बारीक झाला, एवढेंच. हा जांभळा किरण देणारा चिमुकला लेसर ज्यांच्या परिश्रमानें शक्य झाला, त्या शूजी नाकामुरा यांस निळ्या प्रकाशाच्या दिव्याबद्दल इसामु आकासाकी व हिरोशी अमानो यांच्यासह २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

याहूनही आंखूड लहर घ्यावी, तर ती जांभळ्याच्या पलीकडे जाते आणि तबकडीच्या पारदर्शक प्लास्टिकांतून नीट पार होत नाहीं. म्हणून कारागिरांनीं माळ्यावर माळे चढविले. तीन थरांची तबकडी १०० गिगाबाईटची, चार थरांची १२८ ची. २०२४ सालीं तर शांघायच्या संशोधकांनीं शंभर थर लिहितां येतील अशी तबकडी प्रयोगशाळेंत सिद्ध केल्याचें प्रसिद्ध केलें. तिची सांठवण सुमारें दोन लक्ष गिगाबाईट होते. ही वार्ता वाचून आमच्या वर्गांत मोठीच खळबळ उडाली होती.

आतां खेळांकडे वळूं. मोठ्या तबकडीनें खेळांचें कल्याण केलें, हें एके काळीं अगदीं खरें होतें. सोनीचें प्लेस्टेशन हें यंत्र जपानांत १९९४ सालीं निघालें, तें सीडी वाचणारें होतें. निंटेंडो कंपनीनें मात्र १९९६ च्या आपल्या यंत्रांत कार्ट्रिज नांवाची डबीच कायम ठेवली. त्या डबींत अधिकांत अधिक ६४ मेगाबाईट मावत. सीडींत त्याच्या दसपट. ‘फायनल फँटसी’ या खेळाचे आधींचे मुख्य भाग निंटेंडोच्या यंत्रांवर निघाले होते. सातवा भाग १९९७ सालीं प्लेस्टेशनवर निघाला, आणि तोही तीन सीडी व्यापून. अशा वेळीं भांड्याचा आकार हाच खरा प्रश्न होता. तथापि एक उणीव तेव्हांही होती. डबींतील खेळ तत्काळ सुरू होई; तबकडी लावणारा मुलगा मात्र पडद्याकडे पाहत बसे.

ती उणीव पुढें वाढत गेली. येथें विद्यार्थ्यांनीं पाटी घ्यावी. ब्लू-रे तबकडी मूळ वेगानें वाचली, तर सेकंदास ४.५ मेगाबाईट मजकूर मिळतो. २५ गिगाबाईटचा एक थर वाचावयास यामुळें दीड तासाहून अधिक वेळ लागतो. वेग सोळापट केला तर सेकंदास ७२ मेगाबाईट मिळतील. मग तो शंभरपट कां करूं नये? कारण तबकडी फिरवावी लागते. मिनिटास दहा हजार फेरे घेणाऱ्या १२ सेंटिमीटरच्या तबकडीची कड ताशीं सुमारें २२५ किलोमीटर वेगानें धांवत असते. याच्या फार पुढें गेल्यास तबकडी थरथरूं लागते व अखेर फुटूं शकते. आतां दुसरी बाजू पाहा. २०२० सालच्या प्लेस्टेशन ५ मध्यें जी न फिरणारी सांठवण आहे, ती सेकंदास ५.५ गिगाबाईट म्हणजे ५,५०० मेगाबाईट मजकूर देते. त्या यंत्राची स्मृति १६ गिगाबाईटची आहे. ती आंतील सांठवणींतून भरावयास तीन सेकंद लागतील; सोळापट वेगाच्या तबकडीवरून भरावयास पावणेचार मिनिटें लागतील. जो खेळाडू पडद्यावर घोडा दौडवीत आहे, त्यानें पुढचा डोंगर दिसण्याकरितां पावणेचार मिनिटें थांबावें काय?

म्हणूनच २०१३ च्या प्लेस्टेशन ४ पासून तबकडीवरील खेळ आधीं यंत्राच्या पोटांत उतरवून घेतात आणि तेथूनच तो चालतो. २०१८ सालीं निघालेला ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा खेळ दोन तबकड्यांवर आला. एक तबकडी केवळ उतरवून घेण्याची. दुसरी खेळतांना यंत्रांत ठेवावयाची. एकदां उतरवून घेतल्यावर ही दुसरी तबकडी म्हणजे नाटकगृहाच्या दारावर दाखवावयाच्या तिकिटासारखी उरते. प्लेस्टेशन ५ ची एक जात तर तबकडीच्या खांचेवांचूनच विकली गेली. तेव्हां खेळ अधिक सुंदर व्हावा म्हणून हजार गिगाबाईटची तबकडी मागणें आम्हांस निरर्थक वाटतें. कोठार वाढविलें तरी दार होतें तेवढेंच राहतें.

एका गोष्टींत मात्र तबकडीची बाजू घेतलीच पाहिजे. ज्या गांवीं सेकंदास २० मेगाबिट एवढाच आंतरजालाचा प्रवाह मिळतो, तेथें १०० गिगाबाईटचा खेळ उतरवून घ्यावयास अकरा तासांहून अधिक वेळ लागतो. (आठ बिट म्हणजे एक बाईट, हा हिशेब विसरूं नये.) तबकडीनें तें काम पुष्कळ लवकर होतें. शिवाय तबकडी मित्रास उसनी देतां येते व खेळून झाल्यावर विकतांही येते. निंटेंडोनें २०२३ च्या मार्चमध्यें आपल्या दोन जुन्या यंत्रांचें आंतरजालावरील दुकान बंद केलें. तेथें नवी खरेदी थांबली. ज्यांच्या कपाटांत त्या यंत्रांचे विकत घेतलेले खेळ होते, त्यांचे खेळ कपाटांतच राहिले. हा लाभ तबकडी हातांत असण्याचा आहे, ती मोठी असण्याचा नव्हे.

पालकांचा प्रश्न याहून गंभीर आहे. खेळ पुन्हां विकत मिळतो; आजीचा आवाज मिळत नाहीं. एक पालक गेल्या पावसाळ्यांत आम्हांकडे एक तबकडी घेऊन आले. २००६ सालीं त्यांच्या मातोश्रींची एकसष्टी झाली, त्या समारंभाचें चित्रण तिच्यावर होतें आणि मातोश्री आतां हयात नाहींत. तबकडीवर ओरखडा नव्हता, डाग नव्हता. परंतु त्यांच्या घरीं, त्यांच्या कचेरींत, शेजाऱ्यांकडे, कोठेंच तबकडी लावावयाची खांच असलेला संगणक उरला नव्हता. शेवटीं एका वृद्ध छायाचित्रकाराच्या दुकानांत जुनें यंत्र सांपडलें. चित्रणाचा बहुतेक भाग निघाला. शेवटचीं कांहीं मिनिटें निघालीं नाहींत, आणि नेमकीं त्यांतच मातोश्री बोलल्या होत्या.

असाच प्रकार एका मोठ्या राष्ट्रीय कार्यांतही घडत होता. इंग्लंडांत १०८६ सालीं राजाज्ञेनें जमीनजुमल्याची जी मोठी नोंदवही झाली, तिला ‘डोम्सडे बुक’ म्हणतात. तिला नऊशें वर्षें झालीं म्हणून बीबीसीनें १९८६ सालीं तशीच नवी नोंद तयार केली. देशाचे चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असे तुकडे पाडून शाळाशाळांतील मुलांना आपापला तुकडा वांटून दिला. मुलांनीं गांवचीं दुकानें मोजलीं, शेतें पाहिलीं, लोकांचा दिनक्रम लिहिला, छायाचित्रें काढलीं. हा सगळा संग्रह दोन मोठ्या लेसर तबकड्यांवर घातला, कारण त्या काळीं एवढा मजकूर मावेल असें सोयीचें दुसरें भांडें नव्हतें. पण त्या तबकड्या वाचणारें यंत्र फार महाग होतें आणि थोड्याच वर्षांत तें बनेनासें झालें. सोळा वर्षांनीं, २००२ च्या सुमारास, हा संग्रह कायमचा हातचा जातो कीं काय, अशी भीति पडली. लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांस जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकांत उभी करावी लागली, तेव्हां कोठें तो वाचतां आला. १०८६ ची चामड्याच्या पानांची वही मात्र आजही वाचतां येते. तिला डोळ्यांवांचून दुसरें यंत्र लागत नाहीं.

तेव्हां राखीव प्रतीच्या, म्हणजे ज्याला बॅकअप म्हणतात त्याच्या, बाबतींत प्रश्न विचारावयाचा तो असा: ती वाचणारें यंत्र किती दिवस मिळेल, आणि ही प्रत गेली तर दुसरी कोठें आहे? तबकडी जितकी मोठी, तितकें एका अपघातांत अधिक जातें. शिवाय ती भरावयाची केव्हां? दोन लक्ष गिगाबाईटची तबकडी उद्यां दुकानांत आली आणि सेकंदास ७२ मेगाबाईट या वेगानें ती भरूं लागलों, तर रात्रंदिवस मिळून ३२ दिवस लागतील. दुसरी प्रत करावयास आणखी ३२. मोठ्या संस्थांची गोष्ट वेगळी. फेसबुकनें २०१४ सालीं दहा हजार ब्लू-रे तबकड्या मावतील असें एक कपाट बनवून दाखविलें होतें. तेथें यांत्रिक हात तबकड्या काढतो, ठेवतो. ज्यांस असें कपाट व असा हात आहे, त्यांना थोड्या जागेंत अधिक मजकूर हवा असतो व त्यांची मागणी रास्त आहे.

घरच्या माणसास तबकडीचा खरा उपयोग निराळाच आहे. एकदांच लिहितां येणाऱ्या तबकडीवरील मजकूर पुढें बदलतां येत नाहीं. २०१७ च्या मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’ नांवाच्या दुष्ट प्रणालीनें जगभर असंख्य संगणकांतील मजकुराला कुलूप घातलें व खंडणी मागितली. ब्रिटनमधील इस्पितळेंही तिच्या तडाख्यांतून सुटलीं नाहींत. संगणकास जोडलेली प्रत अशा वेळीं मूळ मजकुराबरोबरच जाऊं शकते. कपाटांत पडून असलेल्या तबकडीला असें कुलूप घालतां येत नाहीं. एवढ्या कामास २५ गिगाबाईटची तबकडी पुरते. चुकून पुसलेलें छायाचित्रही तिच्यावर जसेंच्या तसें सांपडतें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, वर्षाकाठीं निवडक छायाचित्रें व महत्त्वाचे कागद दोन लहान तबकड्यांवर घालावे; एक घरीं ठेवावी, एक दुसऱ्या गांवच्या आप्तांकडे द्यावी; आणि तोच मजकूर एखाद्या निराळ्या जातीच्या सांठवणींतही असूं द्यावा. सोनीनें २०२५ च्या फेब्रुवारींत कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनविणें थांबविलें आहे. हें ध्यानीं घेऊन तबकडी वाचणारें एक सुटें यंत्रही घरांत जपून ठेवावें, आणि दरवर्षीं दिवाळीच्या सुटींत तबकड्या लावून पाहाव्या. कोंकणच्या दमट हवेंत बुरशीची विशेष काळजी घ्यावी. बेलीझ या उष्ण देशांतून आलेल्या एका सीडीचा थर बुरशीनें खाल्ल्याचें २००१ सालीं स्पॅनिश संशोधकांस आढळलें होतें. तबकडीवर नांव घालतांना टोंकदार लेखणी वापरूं नये. सीडींत मजकुराचा थर वरच्या, म्हणजे नांव घालण्याच्या बाजूस, रंगरोगणाच्या पातळ पापुद्र्याखालींच असतो. ब्लू-रेमध्यें तो खालच्या चकाकत्या बाजूस अवघ्या एक-दशांश मिलिमीटर खोलीवर असतो. तेव्हां सीडी पालथी ठेवतांना आणि ब्लू-रे उताणी ठेवतांना अधिक जपावें.