बचावपटूंनाही क्रीजबंदी?

प्रश्न : माझा मुलगा टोरंटोत बॉक्स लक्रॉस खेळतो. क्रीजच्या, म्हणजे गोलभोवती आखलेल्या जागेच्या, रेषेवर पाय पडला म्हणून त्याचा गोल रद्द झाला. बचावपटू मात्र खुशाल आत उभे! त्यांनाही बंदी नको का?
– एक आई

उत्तर : ताई, पंचांचं चुकलं नाही. क्रीज गोलरक्षकाला आक्रमकांपासून जपण्यासाठी असते. बचावपटूंना तिथे मुभा आहे. मला तरी बंदी अनावश्यक वाटते. जेमतेम ४ फूट उंचीच्या गोलसमोर बचावपटू ठाण मांडून राहिला, की त्याच्याच गोलरक्षकाला चेंडू दिसत नाही आणि बाहेरचा आक्रमक मोकळा सुटतो. मुलाला सांगा, आत घुसू नकोस. चेंडू झटपट दुसऱ्या बाजूला फिरव, फट दिसली की मार. काळजी वेगळीच आहे. बचावपटूच्या अंगावर गोलरक्षकाइतकं जाड संरक्षण नसतं. लहान मुलांना फटक्याच्या रेषेत उभं करत असतील, तर प्रशिक्षकांशी जरूर बोला.